तिसऱ्या पानावर काय लिहिलंय?

आदरणीय वकीलताई,

सप्रेम नमस्कार. मी मूळची सातारा जिल्ह्यातली. लग्न झाल्यापासून, म्हणजे गेली बावीस वर्षं, इंदूरला आहे. वडिलांनी १९८८ साली स्वतःच्या कमाईतून गावी तीन एकर जमीन घेतली. २०१४ साली ते गेले, आणि सातबाऱ्यावर आई, धाकटा भाऊ आणि मी अशी तिघांची वारसनोंद झाली. २०१७ च्या दिवाळीत माहेरी गेले होते तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, सोसायटीचं कर्ज काढायचंय, विहिरीवर मोटारीचं कनेक्शन घ्यायचंय. दरवेळी तुझ्या सहीपायी अडतं. एक कुलमुखत्यारपत्र करून ठेव, म्हणजे तुझ्या वतीने मी सही करीन." तालुक्याला नोटरीकडे गेलो, मी सह्या केल्या. वाचलं नाही. भाऊच तो.

यंदा वैशाखात एका लग्नात चुलतबहिणीने सहज विचारलं, "जमीन काढलीत म्हणे?" मी चाट पडले. चौकशी केली तर भावाने सगळी तीन एकर ४८ लाखांना विकलेली. खरेदीखतावर आईचा अंगठा, त्याची सही, आणि माझ्या नावापुढे 'तर्फे कुलमुखत्यार' म्हणून पुन्हा त्याचीच सही. फोन केला तर म्हणाला, "पॉवर तूच दिली होतीस. त्यात 'आवश्यक ती सर्व कामे' असं लिहिलंय. सर्व म्हणजे सर्व." चार दिवसांनी माझ्या खात्यात दोन लाख आले. मेसेज होता, "तुझा हिस्सा समज, आता विषय नको."

आई म्हणते भांडू नका. यजमान म्हणतात, माहेर तोडू नकोस. भावाला तुरुंगात पाठवायचं माझ्या मनात नाही. पण एवढं सांगा: कुलमुखत्यारपत्र दिलं म्हणजे जमीन विकायचा अधिकार दिला, असं होतं का? माझ्याकडची झेरॉक्स सोबत पाठवते.

— एक बहीण, इंदूर

प्रिय ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तसं होत नाही. विक्रीचा अधिकार हा कुलमुखत्यारपत्रात स्पष्ट शब्दांत लिहिलेला असावा लागतो. तो लिहिलेला नसेल तर 'सर्व कामे' या शब्दांतून तो ओढून काढता येत नाही.

आता तुमच्या झेरॉक्सबद्दल. ती मी दोनदा वाचली. पानं तीन आहेत, पण खाली क्रमांक आहेत ते १, २ आणि ४. तिसरं पान तुमच्याकडे नाही. कदाचित झेरॉक्स काढताना राहिलं असेल, कदाचित तुम्हाला दिलंच नसेल. जी तीन पानं माझ्यासमोर आहेत त्यांत विक्रीचा शब्द कुठेही नाही, आणि तेवढाच कागद असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. पण तिसऱ्या पानावर काय आहे हे कळेपर्यंत मी तुम्हाला शंभर टक्के निश्चिंत करणार नाही. माझं पुढचं सगळं म्हणणं या एका पानाला बांधलेलं आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.

आधी 'कुल' या शब्दाविषयी. कुल म्हणजे सगळं, म्हणून कुलमुखत्यार म्हणजे सगळं करायला मोकळा, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना हे वाक्य मी किती पक्षकारांच्या तोंडून ऐकलं असेल याला गणती नाही. पण न्यायालय कागदाचं नाव पाहत नाही, कागदातली कलमं पाहतं. मथळ्यावर 'जनरल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी' असं ठळक अक्षरांत छापलेलं असलं, तरी अधिकार तेवढाच मिळतो जेवढा खाली लिहिलाय. आणि ही कलमं वाचताना न्यायालय हात आखडता ठेवूनच वाचतं, कारण एका माणसाची सही दुसऱ्याने करायची ही मुळात जोखमीची गोष्ट आहे.

तुमच्या कागदात काय आहे? 'सातबारा व इतर महसुली नोंदी, शासकीय मोजणी, पीककर्ज व त्यासाठी गहाण, वीज व पाणी परवाना, कोर्टकामकाज आणि सदर मिळकतीसंबंधी आवश्यक ती सर्व कामे.' तुमच्या भावाचा सगळा डोलारा शेवटच्या पाच-सहा शब्दांवर उभा आहे. कायद्यात असे मोघम शब्द त्यांच्या आधी आलेल्या नेमक्या कामांच्या संगतीने वाचतात. नोंदी, मोजणी, कर्ज, वीज, कोर्ट ही सगळी जमीन सांभाळण्याची कामं आहेत. तेव्हा 'आवश्यक ती सर्व कामे' म्हणजे जमीन सांभाळायला लागतील ती सर्व कामं. गाय वैरण-पाण्यासाठी गड्याच्या ताब्यात दिली आणि त्याने ती बाजारात नेऊन विकली, तर "गाईचं सगळं बघ असं तुम्हीच म्हणाला होता" हे त्याचं म्हणणं गावातला कुठलाही पंच ऐकून घेणार नाही.

'गहाण' हा शब्द पाहून तुम्ही घाबरू नका. उलट तो तुमच्या उपयोगाचा आहे. कागद लिहिणाऱ्याला गहाणाचा अधिकार लिहायचं सुचलं, त्याने तो लिहिला. विक्रीचा द्यायचा असता तर तोही लिहिला असता. गहाण ठेवण्याच्या अधिकारात विकण्याचा अधिकार येत नाही.

हे माझं एकटीचं मत नाही. केरळमधलं एक प्रकरण तुमच्या प्रकरणाशी इतकं मिळतंजुळतं आहे की ते सांगायलाच हवं. तिथे दोन बहिणी होत्या. एकीने १९७१ साली दुसरीच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र केलं. त्यात भाड्याने देण्याचे, तारण ठेवून कर्ज काढण्याचे, दस्त नोंदवण्याचे अधिकार होते. विक्रीचा नव्हता. १९८५ साली पत्र रद्द केलं, पण तोवर दुसऱ्या बहिणीने जमीन विकलेली होती. खालच्या कोर्टाने अधिकार देणाऱ्या बहिणीच्या बाजूने निकाल दिला, केरळ उच्च न्यायालयाने तो फिरवला, आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तिच्याच बाजूने कौल दिला. न्यायालयाने सांगितलं की विक्रीचा अधिकार कुलमुखत्यारपत्रातून अनुमानाने काढता येत नाही. आणि ज्याच्याकडे अधिकारच नव्हता त्याच्याकडून घेणाऱ्याला मालकी कशी मिळणार? जमीन घेणारी तिथे एक धर्मसंस्था होती. तिला पुरेशी चौकशी न करता घेतल्याची किंमत मोजावी लागली.

त्याच्या दहा वर्षं आधी, २०१२ साली, चर्च ऑफ ख्राइस्ट चॅरिटेबल ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी नेमकं सांगून ठेवलं होतं. कुलमुखत्याराने विक्री करायची तर त्याच्या कागदात तीन गोष्टी उघड लिहिलेल्या असाव्यात: खरेदीखत लिहून देणं, ते नोंदणीसाठी सादर करणं, आणि निबंधकासमोर, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, ते लिहून दिल्याची कबुली देणं. आमच्याकडचे जाणते दस्तलेखक यात 'मोबदल्याची रक्कम स्वीकारणे व पावती देणे' हेही घालतात. तिसरं पान मिळालं की तुम्ही हेच शब्द शोधायचे: विक्री, खरेदीखत, साठेखत, हस्तांतर, मोबदला.

आणि ते शब्द तिथे सापडले तर? खरं तेच सांगते. विक्रीचा अधिकार स्पष्ट दिलेला असेल, पत्र त्या दिवशी चालू असेल, तर तुम्हाला न विचारता झालेली विक्रीही तुमच्यावर बंधनकारक ठरू शकते. न वाचता सही केली हे कारण कोर्टात फार तग धरत नाही. मग जमिनीवरचा दावा अवघड होतो, पण पैशावरचा होत नाही. कुलमुखत्यार हा तुमच्या वतीने काम करणारा माणूस. त्याने घेतलेली रक्कम तुमची. भारतीय करार अधिनियम, १८७२ त्याला हिशोब द्यायला आणि मिळालेले पैसे मालकाला पोहोचते करायला लावतो. ४८ लाखांचा तिसरा हिस्सा १६ लाख होतो. दोन लाख पाठवून "विषय नको" म्हणायची सोय कायद्याने भावाला ठेवलेली नाही.

तिसरा हिस्सा का, तेही सांगते, कारण लेकीला कमीच मिळतं असं सांगणारे अजून गावोगाव भेटतात. वडिलांची स्वकष्टार्जित जमीन, मृत्युपत्र नाही, मागे पत्नी, मुलगा आणि मुलगी. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे तिघांना सारखा वाटा. जमीन वडिलोपार्जित असती तरी तुमच्या घरात हिशोब इथेच आला असता: आधी वडील, आई, मुलगा, मुलगी यांचा चौथा-चौथा हिस्सा, मग वडिलांच्या चौथ्या हिश्श्याचे तीन भाग. जोडून पाहा, तिसराच येतो. तीन एकरांत एक एकर, चाळीस गुंठे, तुमचे.

आता मी ज्यावर सगळ्यात जास्त भर देणार आहे ती गोष्ट, आणि ती कोर्टाची पायरी चढण्याआधीची आहे. ते दोन लाख.

अधिकार नसताना एखाद्याने तुमच्या नावाने व्यवहार केला, आणि नंतर तुम्ही तो मान्य केला, तर कायदा असं धरतो की अधिकार पहिल्यापासून होता. ही मान्यता लेखी द्यावी लागत नाही. वागण्यातूनही ती झाली असं म्हणता येतं. सगळं माहीत असताना त्या व्यवहाराचे पैसे गुपचूप ठेवून घेणं हे असं वागणं आहे. शिवाय व्यवहाराचा एक भाग मान्य केला की पूर्ण व्यवहार मान्य केला असं होतं. 'पैसे घेते पण विक्री मानत नाही' हे चालत नाही. भावाने तो मेसेज मायेने केला की कुणाच्या सांगण्यावरून, मला ठाऊक नाही. पण उद्या खरेदीदाराचा वकील तुमचं बँक पासबुक उघडून हाच प्रश्न विचारेल. म्हणून ते पैसे बँकेतूनच परत करा. ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, आणि सोबत दोन ओळींचं लेखी कळवणं: 'ही विक्री मला विचारून झालेली नाही, मला ती मान्य नाही, म्हणून रक्कम परत करत आहे.' मेसेजवर कळवा आणि नोंदणीकृत स्पीड पोस्टानेही. भावाचा तो मूळ मेसेज पुसू नका.

याच कारणासाठी, येत्या काही महिन्यांत कुणी 'फक्त एक सही' म्हणून संमतीपत्र, चूक दुरुस्ती लेख किंवा हक्कसोडपत्र पुढे केलं तर हात आवरा. खरेदीदाराला आपल्या कागदातलं भोक दिसलं की तो ते तुमच्या सहीने बुजवायला येतोच. तो भावाला घेऊन येईल, बरोबर साडी-चोळी असेल, आईला पुढे बसवलेलं असेल. मी हे असंच घडताना पाहिलंय, आणि सही करून परत आलेल्या बायकांचं रडणंही ऐकलंय. तेव्हा माझ्या हातात करण्यासारखं फार थोडं उरलेलं होतं.

तिसऱ्या पानाकडे वळू. ते तीन ठिकाणी सापडू शकतं. भावाकडे मूळ कागद आहे, पण तिथे सध्या मागू नका. दुसरं ठिकाण नोटरी: त्यांच्या नोंदवहीत तुमच्या दस्ताचा अनुक्रमांक, तारीख, सही असते. मजकूर नसतो, पण त्या दिवशी काय प्रकारचा दस्त झाला हे कळतं. तिसरं आणि खरं ठिकाण म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालय. खरेदीखत कुलमुखत्याराने केलं की कुलमुखत्यारपत्राची प्रत त्या दस्ताला जोडलेली असते. जमिनीच्या खरेदीखताची प्रमाणित नक्कल कुणालाही अर्ज करून, फी भरून मिळते. तुम्ही तर त्यात पक्षकार आहात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मोफत ई-सर्चमध्ये गाव, गट नंबर आणि वर्ष टाकून सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सारांश, काढा. त्यावर दस्त क्रमांक मिळेल, तो घेऊन नक्कल मागा. इंदुरात बसून सूची निघेल. नकलेसाठी तालुक्याला जाणारं विश्वासाचं माणूस लागेल.

नक्कल आली की जोडलेलं कुलमुखत्यारपत्र आणि तुमची झेरॉक्स शेजारी-शेजारी ठेवा. पानं तेवढीच आहेत का? प्रत्येक पानावर सही तुमचीच आहे का? टायपिंगचा ठसा, समासाची रुंदी, नोटरीचा शिक्का सगळीकडे सारखा आहे का? तिसऱ्या पानावर तुमची सही नसेल, किंवा तिथली अक्षरं बाकीच्या पानांहून वेगळी असतील, तर प्रकरण निराळं होतं आणि मला लगेच कळवा.

त्याच नकलेत आणखी एक कागद असेल, 'कुलमुखत्यारपत्र धारकाचे घोषणापत्र'. महाराष्ट्रात कुलमुखत्याराकडून दस्त होताना तो हे लिहून देतो: लिहून देणाराने पत्र रद्द केलेलं नाही, लिहून देणारा मयत नाही, पत्र पूर्णपणे वैध आहे आणि ही कृती करायला मी पूर्णतः सक्षम आहे, हे खोटं ठरल्यास नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ८२ खाली शिक्षेस पात्र राहीन. त्या कलमात सात वर्षांपर्यंत कैद आहे. तुमच्या भावाने यावर सही केलेली असणार, आणि बहुधा तुमच्यासारखीच, न वाचता. तुम्हाला त्याला तुरुंगात घालायचं नाही, आणि मी तुम्हाला तसं सुचवणारही नाही. पण तडजोडीच्या बोलण्याला तो बसेल तेव्हा आपण कशावर सही केली आहे हे त्याला ठाऊक असलेलं बरं. फौजदारी तक्रारीची धमकी मात्र देऊ नका. दिवाणी दावा स्वतःच्या पायावर उभा राहतो.

नोटरीचा एक मुद्दाही कुणीतरी तुम्हाला सांगेल. नोंदणी अधिनियमाच्या कलम ३३ प्रमाणे, दस्त नोंदणीला सादर करण्यासाठीचं कुलमुखत्यारपत्र, लिहून देणारा भारतात राहत असेल तर, तो जिथे राहतो तिथल्या निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोर केलेलं आणि त्यांनी प्रमाणित केलेलं हवं. तुम्ही इंदूरच्या, आणि पत्र झालं सातारा जिल्ह्यात नोटरीपुढे. मुद्दा चांगला आहे, दाव्यात जरूर घ्या. पण २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलंय की कुलमुखत्याराने स्वतः सही करून दस्त लिहून दिला आणि स्वतःच सादर केला, तर तो लिहून देणारा म्हणून सादर करतो, त्याला ही अट लागत नाही. तुमच्या भावाने तेच केलंय. म्हणून वजन विक्रीच्या अधिकारावर टाका, या मुद्द्यावर नको.

पत्र आजच रद्द करा. रद्दलेख शक्यतो नोंदणीकृत करा, आणि त्याची नोटीस भाऊ, खरेदीदार, तलाठी, सोसायटी, बँक आणि दुय्यम निबंधक यांना नोंदणीकृत स्पीड पोस्टाने पाठवा. तालुक्यात खपणाऱ्या वर्तमानपत्रात जाहीर सूचनाही द्या. इतक्या जणांना कशाला, तर करार कायद्याप्रमाणे रद्द झाल्याचं ज्याला माहीत नाही त्याच्यापुरतं पत्र चालूच राहतं. मागची विक्री याने पुसली जाणार नाही, पण उद्या गहाण किंवा तुमच्या वतीने कोर्टात तडजोड तरी होणार नाही.

फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर खरेदीदाराच्या नावाची नोंद, झाला का पाहा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो, आणि 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावातल्या चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. नोंद अजून प्रलंबित असेल तर लेखी हरकत द्या. नोटिशीपासून पंधरा दिवस असतात. हरकत आली की ती तक्रारी नोंद होते आणि सुनावणी घ्यावी लागते. मंजूर झाली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील आहे. त्याची मुदत साठ दिवसांची. उशीर झाला तर माफीचा अर्ज जोडावा लागतो. पण सातबाऱ्यावरून नाव गेलं म्हणून मालकी गेली असं समजून खचू नका. सातबारा महसुलाचा कागद आहे, मालकीचा निकाल दिवाणी न्यायालय देतं.

आणि दावा. तो असा असेल: हे खरेदीखत माझ्या एक-तृतीयांश हिश्श्यावर बंधनकारक नाही असं जाहीर करून मिळावं, माझा हिस्सा वाटून वेगळा ताबा मिळावा, आणि तोवर खरेदीदाराने जमीन पुढे विकू नये, बांधकाम करू नये असा मनाई हुकूम मिळावा. दस्त रद्द करून मागायला तो कळल्यापासून तीन वर्षं मिळतात, म्हणून लग्नाची ती तारीख आणि चुलतबहिणीचं नाव लिहून ठेवा. पण तीन वर्षं आहेत म्हणून थांबू नका; हमरस्त्यालगतच्या जमिनीला तीन वर्षांत तीन मालक होतात. दावा दाखल झाल्याबरोबर वकिलांकडून 'लिस पेंडन्स'ची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, म्हणजे पुढचा घेणारा "मला माहीत नव्हतं" म्हणू शकणार नाही. खर्चाची काळजी असेल तर एक लक्षात घ्या: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा.

एक गोष्ट मात्र समजून घ्या, नाहीतर पुढे निराशा होईल. दावा जिंकलात तरी पूर्ण तीन एकर परत येणार नाहीत. भावाला त्याचा हिस्सा विकायला तुमची परवानगी लागत नव्हती. आईने समजून-उमजून अंगठा केला असेल तर तिचाही हिस्सा गेला. म्हणजे खरेदीदार दोन-तृतीयांशचा मालक, तुम्ही एक-तृतीयांशच्या. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२ मध्ये एक तरतूद आहे: वारसांपैकी एकजण बाहेरच्याला हिस्सा विकू लागला तर बाकीच्या वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो शेतजमिनीलाही लागू असल्याचं स्पष्ट केलंय. भावाचा हिस्सा तेवढी किंमत मोजून घ्यायची तुमची ऐपत आणि इच्छा असेल तर वकिलांना पहिल्या भेटीतच सांगा, यात वेळ दवडून चालत नाही.

यजमान म्हणतात माहेर तोडू नको. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण एक विचारते: ४८ लाखांतले आईचे १६ लाख कुठे आहेत? तिच्या खात्यात आले का? अंगठा करताना तिला कुणी वाचून दाखवलं का? तुमच्या पत्रात आई बोलते ती एकदाच, 'भांडू नका' एवढंच. ज्या बाईच्या नावावरची एक एकर जमीन गेली आणि जिचं सगळं म्हातारपण आता त्या मुलावरच अवलंबून आहे, तिला दुसरं काय बोलता येणार होतं? तिला फोन करा, भाऊ घरात नसेल तेव्हा. जमिनीचं बोलू नका, फक्त पैसे कुठे ठेवलेत एवढं विचारा.

तडजोडीला माझी हरकत नाही. उलट तुमच्यासारख्या प्रकरणात मी स्वतः तडजोडीचा प्रयत्न करते. पण ती दावा दाखल झाल्यावर, कोर्टात किंवा लोकअदालतीत करा. लोकअदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच अमलात येतो, त्यावर अपील नसतं आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. रक्कम ठरवताना खरेदीखतातले ४८ लाख धरू नका. त्या गटाच्या आसपास त्याच वर्षी झालेल्या विक्रीच्या सूच्या काढा आणि खरा भाव त्यावरून ठरवा. ओट्यावर बसून चार मोठ्यांच्या साक्षीने झालेलं बोलणं मला नको आहे. तुमची फसवणूकही अशाच विश्वासाने झाली.

हे पत्र वाचणाऱ्या इतर बहिणींना, आणि पुण्या-मुंबईतून, दुबईहून, अमेरिकेतून गावाकडच्या भावाला किंवा मित्राला असा कागद करून देणाऱ्या सगळ्यांना एवढंच: ज्या कामासाठी देताय तेवढंच लिहा. कर्जासाठी असेल तर बँकेचं नाव, गट नंबर आणि मुदत घाला. 'या पत्रान्वये विक्री, बक्षीस, अदलाबदल वा कोणतेही हस्तांतर करण्याचा अधिकार दिलेला नाही' हे एक वाक्य सुटं, वेगळ्या परिच्छेदात टाका. विक्रीसाठीच देणार असाल तर कमीत कमी किंमत लिहा आणि पैसे थेट तुमच्या खात्यात येतील असं लिहा. जवळच्या नातलगाला, मोबदला न घेता, विक्रीचं कुलमुखत्यारपत्र द्यायला महाराष्ट्रात ५०० रुपयांचा मुद्रांक पुरतो. परक्याला दिलं तर खरेदीखताएवढं मुद्रांक शुल्क लागतं. आणि जमीन घेणाऱ्यांनो, नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर पैसे मोजून 'घेतली' म्हणू नका. २०११ साली सूरज लॅम्पच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की नोंदणीकृत खरेदीखताशिवाय, पॉवर आणि मृत्युपत्राच्या जोडीने मालकी येत नाही.

ताई, या आठवड्यात तीन कामं: दोन लाख परत, रद्दलेख, आणि सूची क्रमांक २. नक्कल हातात आली की तिसऱ्या पानाचा फोटो पाठवा, सही दिसेल असा, पूर्ण पानाचा. ते वाचून पुढचं सांगते.